सहा ग्रॅमचा सौदा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी काट्यावर एक टॉवेल ठेवला. काट्याने ५०६ ग्रॅम दाखवले. त्याआधीचे तीन दिवस याच टॉवेलच्या भावावरून फोनवर आमची ओढाताण चालली होती. मालक १३२ रुपयांवर अडले होते, मी १२८ वर. (सोलापुरात कारखानदाराला ‘मालक’ म्हणायची पद्धत आहे. त्यांचे नाव इथे येणार नाही, तेव्हा मीही मालकच म्हणते.) त्या चार रुपयांसाठी मी पुण्याहून मुद्दाम आले होते. काट्यावरचा आकडा पाहिला आणि लक्षात आले की आम्ही दोघे भलत्याच जागी भांडतो आहोत.

घरगुती कापड ऑनलाइन विकणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी पाहत असे. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. बारा वर्षे हे काम केले. गिऱ्हाईक मोबाइलवर बोट दाबते आणि तिसऱ्या दिवशी पुडके दारात येते, एवढेच बाहेरून दिसते. त्या बोटाआधी पाच-सहा महिने सूत, माग, रंग, ट्रक आणि पैसे यांची जी घासाघीस झालेली असते ती फार थोड्यांनी पाहिली आहे. मी त्या घासाघिशीत एका बाजूला बसले होते. आता त्या कामात नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

तर ५०६ ग्रॅम. टॉवेलचे माप ७५ बाय १५० सेंटिमीटर, कापड ४५० जीएसएमचे, म्हणजे एका चौरस मीटरला ४५० ग्रॅम. गुणाकार केला की ५०६ येतात. कुरिअरच्या दराची पहिली पायरी ५०० ग्रॅमची असते. त्या सहा ग्रॅमपायी आमचा प्रत्येक टॉवेल दुसऱ्या पायरीवर चढत होता आणि आमच्या करारात या पायरीचे जवळपास तीस रुपये होते. गिऱ्हाइकाने टॉवेल परत केला तर येतानाही तोच भुर्दंड. मालकांकडून चार रुपये सोडवून घ्यायला मी अडीचशे किलोमीटर आले होते आणि तीस रुपये आमच्याच कागदावरून गळत होते.

“मालक, यातले सहा ग्रॅम कमी होतील?”

“सहा कशाला, पासष्ट करतो की. सत्तर बाय एकशेचाळीस घ्या. चारशे एक्केचाळीस भरेल. कापडाला हात लावायचा नाही, जीएसएम तेच.” मग ते थोडे थांबले. “पण ताई, नुसती लांबी कमी करायची तर उद्या करतो. रुंदी कमी करायची तर चालू बीम संपू द्यावा लागेल.”

त्या दिवशी ते मला मागावर घेऊन गेले. टॉवेलच्या मागाला उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात, एक तळाच्या विणीचा आणि एक फुलाचा, म्हणजे टॉवेलवर जे धाग्यांचे फंदे उठलेले दिसतात त्यांचा. रुंदी बदलायची म्हणजे धाग्यांची संख्या बदलणार, फणी बदलणार आणि एकेक धागा पुन्हा ओवावा लागणार. इचलकरंजीत या कामाला वहिफणी म्हणतात आणि ते करणाऱ्यांची स्वतंत्र जमात आहे. तेवढा वेळ माग बंद. आमच्या ऑफिसात ‘किमान ऑर्डर’ हा शब्द सगळे पुरवठादाराचा हट्ट असल्यासारखा उच्चारत. पाचशे नग घेऊ, तीनशे घेऊ, त्याला हवे असेल तर देईल, अशी भाषा. बीम एकदा चढवला की तो संपेपर्यंत विणावाच लागतो, हे ज्याने एकदा उभे राहून पाहिले तो किमान ऑर्डरवर वाद घालत नाही. मी त्यानंतर कधी घातला नाही. बीमवर किती टॉवेल बसतात ते आधी विचारायचे आणि त्याच्या पटीत ऑर्डर लिहायची.

त्या दिवशी भाव ठरला १२१. माप लहान झाल्याने सूत कमी लागत होते, तेवढेच रुपये उतरले. संकेतस्थळावर नवे माप ठळक लिहिले, जुने फोटो काढले. मी खुशीत पुण्याला आले. पहिला माल विकला गेल्यावर कुरिअरचे बिल आले तर त्यात वजन ९८० ग्रॅम!

कुरिअरवाले नुसते वजन धरत नाहीत. पुडक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करतात, त्याला ५,००० ने भागतात आणि जे जास्त भरेल ते किलोतले वजन म्हणून लावतात. आमची घडी होती ३५ बाय ३५ बाय ४ सेंटिमीटर. गुणाकार ४,९००. काट्यावर ४४१ ग्रॅम भरणारा टॉवेल बिलात किलोभर झाला होता.

मी मालकांना फोन केला. त्यांनी तो फोन घडी-पॅकिंगच्या हॉलमध्ये नेला आणि स्पीकरवर ठेवला. त्या हॉलमध्ये बायका काम करतात, बहुतेक पद्मशाली घरांतल्या, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या. आपसात तेलुगू, हिशेबाला मराठी. पलीकडे बरीच चर्चा झाली. अर्ध्या तासाने मालकांनी फोटो पाठवला. एका मावशींनी लांबीच्या पाच घड्या आणि रुंदीच्या तीन घालून, वर फळी दाबून, कागदी पट्टा आवळला होता. २८ बाय २४ बाय साडेतीन. गुणाकार २,३५२, म्हणजे अर्ध्या किलोच्या आत. या घडीला वेळ जास्त लागत होता, म्हणून नगामागे ४० पैसे मजुरी वाढवून मागितली. मी ७५ पैसे मंजूर करून घेतले. बारा वर्षांत मी स्वतःहून जास्त दिल्याची ही एकच वेळ, आणि कंपनीला सगळ्यात मोठा फायदा करून देणारा सौदाही तोच.

सगळे सौदे असे झाले नाहीत. दुसरा किस्सा सांगताना मला आजही अवघडते.

ऑनलाइन घाऊक बाजारात एक चौकशी टाकली की ती एकाच वेळी अनेक पुरवठादारांकडे जाते. दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर फोटो, भाव आणि ‘मॅडम, बेस्ट रेट’ यांचा पाऊस पडतो. खरेदीवाल्याला हे फार सोयीचे. एकाचा भाव दुसऱ्याला दाखवायचा, दुसऱ्याचा तिसऱ्याला. अशाच एका फेरीत आम्ही एका नव्या कारखान्याला १२१ वरून ११३ वर आणले. आठ रुपये. फोनवर तो माणूस बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “घ्या. करतो.” आम्ही ऑफिसात टाळ्या दिल्या.

माझ्या पिशवीत तेव्हा जीएसएम कटर असायचा. गोल डबीसारखे यंत्र, कापडावर दाबून फिरवले की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापून देते. ती चकती जितके ग्रॅम भरेल त्याला शंभराने गुणले की जीएसएम. नमुन्याची चकती ४.५ भरली होती. माल आला, मी गठ्ठ्याच्या मधला टॉवेल काढून चकती कापली. ४.०५. आणखी पाच कापल्या. सगळ्या तिथेच.

मी संतापले. फसवणूक, माल परत, पैसे बंद, सगळे बोलून झाले. संध्याकाळी एकटी बसून हिशेब मांडला. ४५० ऐवजी ४०५ म्हणजे टॉवेलमागे ४४ ग्रॅम सूत कमी. रंगवलेले सूत तेव्हा साधारण २०० रुपये किलो. चव्वेचाळीस ग्रॅमचे होतात आठ रुपये ऐंशी पैसे. आम्ही कापलेले आठ रुपये त्याने कापडातून कापले होते, वर ऐंशी पैसे. त्याने तोंडाने सांगायला हवे होते, आणि त्याने केले ते चूकच होते. पण त्या भावात ४५०चा टॉवेल बसत नाही हे मला कळायला हवे होते. सुताचा भाव मला माहीत होता, वजन माहीत होते, भागाकार पाचवीतला. मी तो केला नाही, कारण मला तो करायचा नव्हता. गिऱ्हाइकांनी ‘पातळ आहे’ म्हणून एकेक तारा दिला तेव्हा आमच्या टाळ्या कुणाच्या पैशाच्या होत्या ते कळले.

त्यानंतर मी भाव विचारायची पद्धत बदलली. ‘शेवटचा भाव काय’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी सूत किती ग्रॅम आणि काय भावाचे, रंगाई किती, विणाई किती, घडी-पॅकिंग किती, भाडे किती, तुमचा नफा किती, असा फोडलेला भाव मागू लागले. सुरुवातीला कारखानदार बिचकले. नफा कोण कुणाला सांगतो? पण एकदा कागद समोर आला की भांडण योग्य जागी होते. सुताच्या भावात मी काही कमी करू शकत नाही, ते शहाणपणाने सोडून द्यायचे. रंगाईत करता येते. आम्ही एका मापाचे नऊ रंग मागत होतो, त्यांतले चार कोणी घेतच नव्हते. नऊचे पाच केले, रंगाचे लॉट मोठे झाले, किलोमागे खर्च उतरला. कुणाच्या पोटातून काही काढावे लागले नाही.

रंगाच्या लॉटचा विषय निघालाच आहे तर एवढे सांगते की दोन वेगळ्या लॉटचे टॉवेल एका जोडीत कधी जाऊ देऊ नयेत. तोच फॉर्म्युला, तोच रंगारी, तरी फरक पडतो. एकदा अशा मिसळलेल्या जोड्या बाहेर गेल्या आणि खोकीच्या खोकी परत आली. खोक्यावर लॉट नंबर लिहायला मार्करची एक रेघ पुरते.

मग आले २०२२.

कापसाच्या व्यवहारात भाव खंडीला बोलतात. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. त्या वर्षी खंडीने लाखाचा आकडा ओलांडला. केंद्र सरकारने एप्रिलमध्ये कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांपुरते उठवले, इतकी टंचाई जाणवत होती. आम्ही जानेवारीत मालकांशी सहा महिन्यांचा भाव बांधून घेतला होता आणि स्वतःवर खूश होतो. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. “ताई, सूत हाताबाहेर गेलंय. या भावात प्रत्येक टॉवेलला माझ्या खिशातले जातात.” मी आमच्या वरिष्ठांना विचारले. उत्तर आले, पीओ म्हणजे पीओ. पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, आमच्या धंद्यातली दगडावरची रेघ. मी तेच उत्तर फोनवर वाचून दाखवले.

मालकांनी निम्मा माल दिला आणि माग दुसऱ्या कामाला लावले. भांडले नाहीत, नोटीस पाठवली नाही. फक्त “मशीन खाली नाही” म्हणू लागले. संकेतस्थळावर आमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या टॉवेलपुढे ‘उपलब्ध नाही’ लागले. दुकानात माल संपला तर गिऱ्हाईक चार दिवसांनी पुन्हा येते. ऑनलाइन तसे नाही. माल संपला की शोधयादीत तुमची जागा खाली जाते, आणि वर यायला पुन्हा जाहिरातीवर पैसा ओतावा लागतो. आम्ही टॉवेलमागे जे वाचवत होतो त्याच्या कितीतरी पट त्या दोन महिन्यांत घालवले.

जूनमध्ये मी सोलापूरला गेले. मालकांनी घरी जेवायला बोलावले. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. धंद्याची गोष्ट त्यांनी जेवण होईपर्यंत काढू दिली नाही. मग आम्ही पाठकोऱ्या कागदावर एक कलम लिहिले. ऑर्डरच्या दिवशीचा सुताचा भाव पीओवर छापायचा. सूत उचलायच्या दिवशी त्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल, वर किंवा खाली, तर टॉवेलचा भाव ग्रॅमच्या हिशेबाने तेवढाच हलवायचा. सूतगिरणीचे बिल पुरावा. पुण्यात हे कलम मंजूर करून घ्यायला मला सात आठवडे लागले. ‘पुरवठादार फक्त वाढीचीच बिले दाखवेल,’ अशी प्रत्येकाची खात्री होती.

त्या वर्षाच्या उत्तरार्धात कापूस उतरला. मी काही म्हणण्याआधी मालकांचा मेसेज आला. सूतगिरणीच्या बिलाचा फोटो, आणि खाली, “ताई, सहा रुपये कमी लावा.” तो फोटो मी कंपनीतल्या त्या सगळ्यांना पाठवला.

भावाच्या गोष्टी सांगायला रंजक वाटतात, पण माझ्या मते पुरवठादाराचे सगळ्यात मोठे नुकसान भावात होत नाही, आकड्यात होते. किती नग लागतील हा जो अंदाज खरेदीदार देतो, त्यात.

फ्लिपकार्टने २०१४ च्या ६ ऑक्टोबरला पहिला बिग बिलियन डे केला, तेव्हापासून या धंद्याचे वर्ष दसरा-दिवाळीच्या सेलभोवती फिरते. सेल सप्टेंबरअखेर धरला तर माल सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भिवंडीच्या गोदामात हवा. म्हणजे ऑगस्टअखेर ट्रक निघायला हवा. मागे मोजत जा. बारा हजार टॉवेल. मालकांच्या एका मागावर दोन पाळ्यांत साठेक निघतात, म्हणजे दहा माग वीस दिवस. त्याआधी सूतरंगाई आणि बीम भरणे, दहा दिवस. त्याआधी सूत खरेदी. जुलैच्या मध्यापर्यंत आकडा पक्का झाला नाही तर सगळेच घसरते.

आणि या वीस दिवसांत नारळी पौर्णिमा येते. त्या दिवशी सोलापूरच्या पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो. पद्मशाली समाजाचा वर्षातला मोठा दिवस. माग चालत नाहीत, आणि आदल्या-नंतरच्या दिवशी पाळी पूर्ण भरत नाही. आमच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरला १५ ऑगस्ट ठाऊक होता, नारळी पौर्णिमा नव्हती. पहिल्या वर्षी ‘तीन दिवस उत्पादन इतके कमी का?’ असा खरमरीत मेल आमच्या ऑफिसातून गेला. ज्या गावात १८७७ साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली, ज्याच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावाचे सण आपल्या वेळापत्रकात नसावेत याची मला लाज वाटली. पुढच्या वर्षापासून मी पंचांग घेऊन बसू लागले. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्राही त्यात धरली.

एका वर्षी आमच्या विभागाने ठरवले की मालकांना आकडा मोठा सांगायचा. मोठा आकडा ऐकला की भाव उतरतो आणि माग आपल्यासाठी अडकून राहतात, असा त्यामागचा विचार. लागणार होते पाच हजार, फार तर सहा. मेल गेला बारा हजारांचा. तो मेल मी लिहिला. त्यात ‘अंदाजे’ हा शब्द होता. कायद्याने आम्ही सुरक्षित होतो.

मालकांनी बारा हजारांचे सूत घेतले, वाया जाणारे धरून ५,८०० किलो. आमच्या पसंतीच्या मोरपंखी रंगात रंगवले. पीओ गेला पाच हजारांचा. राहिले ३,४०० किलो मोरपंखी सूत, सात-साडेसात लाखांचा माल, बँकेच्या कर्जावर घेतलेला. तो रंग फक्त आम्हालाच हवा होता. मालकांनी फोन केला नाही. मीच केला. ते म्हणाले, “तुम्ही अंदाजे लिहिलं होतं, माझी वाचायची चूक झाली.”

त्यांची चूक नव्हती. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

पुढची दोन वर्षे त्यांच्या कारखान्यातून निघालेल्या कितीतरी टॉवेलांना मोरपंखी काठ होता. पांढऱ्याला, पिवळ्याला, अगदी मरून टॉवेललाही. बाजारात तो काठ दिसला की मला माझा मेल दिसायचा.

मी नियोजनाचा तक्ता बदलण्यासाठी मग कंपनीत हट्टच धरला. पहिल्या चार आठवड्यांचा आकडा पक्का, तो बदलणार नाही. त्यापुढच्या चार आठवड्यांचा आकडा हलू शकतो, पण त्यासाठी घेतलेल्या सुताची जबाबदारी आमची. त्यापलीकडचा नुसता अंदाज, त्यावर कुणी सूत घेऊ नये असे ठळक अक्षरांत लिहायचे. तिन्ही रकाने दर सोमवारी मालकांना पाठवायचे. आमच्या विक्रीचा कच्चा आकडाही पाठवायचा, म्हणजे रोज किती नग गेले ते. ‘पुरवठादाराला विक्री कळली तर तो भाव वाढवेल,’ अशी भीती होती. झाले उलटे. एका सोमवारी मालकांनीच कळवले, “राखाडी पडून आहे तुमच्याकडे, पुढचा बीम राखाडीचा लावत नाही.” आमच्या तीन माणसांना जे दिसले नव्हते ते त्यांनी एका नजरेत पाहिले.

भिवंडीचा किस्सा थोडक्यात. मोठ्या गोदामात ट्रक कधीही नेता येत नाही, दिवस आणि वेळ आधी घ्यावी लागते. सोलापूर ते भिवंडी अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास. मालवाहतुकीसाठी लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे दोन दिवस. एकदा ट्रक वेळेवर पोचला, पण गोदामाच्या आत जागा नाही म्हणून फाटकाबाहेर दीड दिवस उभा राहिला. बिलाची मुदत संपत आली. मुदत संपायच्या आधी आठ तास किंवा नंतर आठ तास, एवढ्याच वेळात ती वाढवता येते. ड्रायव्हरने रात्री दोनला मालकांना उठवले, मालकांनी मला, आणि काम झाले. पुढच्या महिन्यात मालकांच्या खात्यातून उशिरा पोचल्याबद्दल दंड कापला गेला, डेबिट नोट काढून. उशीर गोदामाचा, दंड पुरवठादाराचा. मी फाटकावरच्या नोंदीचा फोटो मागवून तो रद्द करून घेतला. ज्यांनी फोटो काढून ठेवला नाही अशांचे दंड रद्द झाले नाहीत, आणि ते बहुसंख्य होते.

शेवटी पैशाची गोष्ट, जी सौद्यात सगळ्यात हळू आवाजात बोलली जाते.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे कलम वर्षानुवर्षे सगळ्यांना माहीत होते आणि पैसे नव्वद दिवसांनीच निघत. दिवस मोजायची सुरुवातही आमच्या संगणकावर माल जमा झाल्याची नोंद पडेल तेव्हापासून. ती नोंद पडायला कधी आठवडा लागे, कधी तीन. खरे तर माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला तो दिवसच स्वीकृतीचा धरायचा असे कायदा सांगतो. माझ्या बारा वर्षांत एकाही मागवाल्याने हे मला सुनावले नाही.

मग प्राप्तिकराच्या कायद्यात ४३ ब (एच) आले. मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च खरेदीदाराला त्या वर्षी वजा मिळणार नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळेल. २०२४ च्या मार्चमध्ये याची धावपळ मी आतून पाहिली. काही पुरवठादारांचे अडकलेले पैसे आठ दिवसांत सुटले. पण एका बैठकीत असाही प्रस्ताव आला की लहान पुरवठादारांना त्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद) रद्द करायला सांगावे, म्हणजे ४५ दिवसांचे बंधनच उरत नाही. रद्द करणार नाहीत त्यांची ऑर्डर मोठ्यांकडे वळवावी. मी विरोध लेखी नोंदवला. प्रस्ताव त्या दिवशी मागे पडला. इतरत्र तो मागे पडला नाही, हे सोलापुरात मला दोन कारखानदारांनी सांगितले. त्यांनी नोंदणी रद्द केली होती.

काम सोडण्याआधी मी मालकांकडे शेवटची गेले तेव्हा त्यांनी नवे बिलबुक दाखवले. डोक्यावर उद्यम नोंदणी क्रमांक, खाली ४५ दिवसांची ओळ, शेजारी त्या दिवशीचा सुताचा भाव.

सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, जिथे कुठे तुमचे माग असतील, तुम्हाला माझी हात जोडून विनंती आहे. उद्यम नोंदणी रद्द करू नका. क्रमांक बिलावर छापा. माल फाटकावर पोचला की ड्रायव्हरला तारखेसकट फोटो काढायला सांगा. ‘अंदाजे’ लिहिलेल्या मेलवर सूत उचलू नका, सुताची जबाबदारी कुणाची ते आधी लिहून मागा. आणि शेहेचाळिसाव्या दिवशी फोन करा. पलीकडे माझ्यासारखी कुणीतरी बसलेली असते. तो फोन आला तर तिला वरच्या माणसाकडे जाऊन तुमचे पैसे मागता येतात.